गृहविमा
गृहविमा : राहते घर व त्यातील सामानसुमान यांची आग, वादळ, पूर, भूकंप यांसारख्या आपत्तींमुळे होणारी हानी भरून देणारा विम्याचा प्रकार. भारतात सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून अंमलात आले. १९९९ च्या कायद्यानंतर खाजगी कंपन्यांनाही या क्षेत्रात प्रवेश मिळाला. तरीही गृहविमा बहुधा बँकेच्या कर्जाची अट म्हणूनच घेतला जातो. वडिलोपार्जित घरावर कर्ज नसते, आणि म्हणून विमाही नसतो.

कोकण किनाऱ्यावरील घरांची जोखीम ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दाखवून दिली. ३ जून २०२० रोजी ते अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किमी. होता. दिवेआगर (ता. श्रीवर्धन, जि. रायगड) व आसपासच्या गावांत कौले व पत्रे उडाले, माड-पोफळी मोडून पडल्या आणि उघड्या पडलेल्या घरांत पाऊस शिरला. पूर्णतः नष्ट झालेल्या घरासाठी राज्य शासनाने दीड लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. असे साहाय्य तातडीचा आधार असते. घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाशी त्याचा मेळ बसत नाही.

विम्याची निवड करताना रक्कम ठरविण्यात सर्वाधिक चुका होतात. विमा बांधकामाचा उतरवितात, जमिनीचा नव्हे. दिवेआगरसारख्या पर्यटनाच्या गावी घराच्या बाजारभावात जमिनीचा वाटा मोठा असतो. त्या भावाने विमा उतरविल्यास हप्ता व्यर्थ वाढतो. उलट, जांभ्या दगडाच्या व सागवानी वाशांच्या जुन्या घराची किंमत मालक ‘जुने’ म्हणून फार कमी धरतो. तेच घर आजच्या मजुरीने बांधावयाचे झाल्यास खर्च कितीतरी अधिक येतो. म्हणून घराचे चटईक्षेत्र व बांधकामाचा चालू दर यांचा गुणाकार हाच योग्य आधार होय. प्रमाणशीर भरपाईची अट असलेल्या विमापत्रात अपुऱ्या रकमेचा फटका लहान नुकसानीलाही बसतो. उदा., २० लाख रुपये पुनर्बांधणी-खर्चाच्या घराचा विमा १० लाखांचाच असेल, तर ४ लाखांच्या हानीबद्दल २ लाखच मिळतात.

ही अडचण पुष्कळशी दूर करणारे ‘भारत गृह रक्षा’ हे प्रमाणित विमापत्र भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून लागू केले. त्यात अपुऱ्या विम्याबद्दल प्रमाणशीर कपात होत नाही. मात्र विमित रकमेची कमाल मर्यादा राहतेच. इमारतीचा विमा घेतल्यास तिच्या विमित रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, परंतु कमाल १० लाख रुपयांपर्यंत, सर्वसाधारण सामानाला तपशील न देता संरक्षण मिळते. २५ लाखांच्या घरात हे प्रमाण ५ लाख होते. सामान त्याहून अधिक किमतीचे असल्यास यादी देऊन रक्कम वाढवून घ्यावी लागते. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी वेगळे ऐच्छिक संरक्षण आहे. चोरीची भरपाई विमित आपत्तीनंतरच्या सात दिवसांत झालेल्या चोरीपुरतीच असते. एरवीच्या घरफोडीसाठी स्वतंत्र विमा घ्यावा लागतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

वादळ, वीज, पूर, त्सुनामी, तसेच झाड कोसळून होणारी इमारतीची हानी यांचा या विमापत्रात समावेश होतो. समुद्राने हळूहळू जमीन खाल्ल्याने होणारी हानी मात्र त्यात येत नाही. किनाऱ्याला लागून असलेल्या घरांना हा अपवाद महत्त्वाचा आहे. कौले वेळेवर न चाळल्याने होणारी नेहमीची गळती ही देखभालीतील त्रुटी ठरते, तर वादळाने छप्पर उडाल्यावर शिरलेल्या पावसाचे निकट कारण वादळ असते. वाडीतील माड व पोफळी घराच्या विम्यात मोडत नाहीत. पर्यटकांना खोल्या देण्याचा व्यवसाय घरातच चालत असल्यास ते विमा कंपनीला आरंभीच सांगावे, कारण हे विमापत्र निवासी वापरासाठी आहे. ५ कोटी रुपयांपर्यंतच्या व्यावसायिक मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ हे निराळे विमापत्र आहे. मालक मुंबईस राहत असून घर गणपती व मे महिना सोडून बंद राहत असेल, तर त्याविषयीच्या अटीही आधीच पाहाव्या लागतात.

हानी होताच कंपनीस कळवून सर्वेक्षकाची पाहणी होईपर्यंत मोडतोड शक्यतो तशीच ठेवतात. तातडीने ताडपत्री घालणे भागच पडते. तत्पूर्वी छायाचित्रे घ्यावीत व खर्चाच्या पावत्या जपाव्यात. विमापत्राची एक प्रत गावाबाहेरील नातेवाइकाकडे असल्यास घरातील कागदपत्रे भिजली तरी दावा करता येतो.