पिल्लू आजारी नेमकं कधी पडलं? एका भांडणातून शिकायचं संशोधन



पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येणारा एक प्रश्न आहे: "अमुक कारणामुळे तमुक झालं, हे तुम्ही कसं ठरवाल?" आपण पाठ केलेलं उत्तर देतो, 'कारण आधी आणि परिणाम नंतर असायला हवा.' बरोबरच आहे ते. पण कारण घडताना कुणी पाहिलंच नसेल तर? हाती फक्त परिणामाची तारीख असेल तर? आज हे समजून घेण्यासाठी मी पुस्तकातलं उदाहरण घेत नाहीये. कुत्र्याचं पिल्लू विकत घेतल्यावर काही दिवसांत ते आजारी पडतं आणि घेणारा नि विकणारा यांच्यात वाद पेटतो, ते उदाहरण घेऊया.

वाद साधारण असा असतो. घेणारा म्हणतो, "तुम्ही आजारीच पिल्लू दिलंत." विकणारा म्हणतो, "माझ्याकडून गेलं तेव्हा टणटणीत होतं, तुमच्याकडे काहीतरी झालं." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असू शकतात. पिल्लू विक्रीच्या दिवशी खेळत-बागडत असेल आणि तरीही त्याच्या शरीरात विषाणू शिरलेला असेल. लक्षण दिसण्याचा दिवस आणि आजार सुरू होण्याचा दिवस हे दोन वेगळे दिवस आहेत. पूर्ण वाद या दोन दिवसांमधल्या अंतराचा आहे.

उलटी मोजणी

पार्व्होचं उदाहरण घ्या. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि आजही लहान पिल्लांचा मोठा शत्रू आहे. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि उपचार मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत मृत्यू. संसर्गापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. पार्व्होत तो बहुधा ५ ते ७ दिवस असतो, पण २ ते १४ दिवसांपर्यंत कमी-जास्त होऊ शकतो.

आता विक्रीच्या दिवसाला शून्य धरा आणि मागे मोजा.

पहिल्याच दिवशी उलट्या सुरू झाल्या, तर संसर्ग विक्रीच्या १३ दिवस आधीपासून १ दिवस आधीपर्यंत कधीतरी झाला. म्हणजे विकणाऱ्याकडे असतानाच. सतराव्या दिवशी सुरू झाल्या, तर संसर्ग तिसऱ्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यानचा. म्हणजे घेणाऱ्याकडे आल्यावर. आणि सहाव्या दिवशी सुरू झाल्या तर? विक्रीच्या ८ दिवस आधीपासून विक्रीनंतरच्या चौथ्या दिवसापर्यंत कधीही! विक्रीचा दिवस बरोबर या पट्ट्याच्या आत येतो. इथे नुसत्या तारखेवरून कुणालाच दोषी ठरवता येत नाही.

लक्षात घ्या, आपल्या हाती तारीख येत नाही, एक पट्टा येतो. संशोधनातही बहुतेक वेळा हेच होतं. पट्ट्याला बिंदू समजून निष्कर्ष काढला की गडबड झालीच म्हणून समजा.

याच गणितातून आणखी एक गोष्ट दिसते. काही विक्रेते ४८ किंवा ७२ तासांची 'हेल्थ गॅरंटी' देतात. ऐकायला बरी वाटते. पण विक्रीच्या दिवशी सकाळी संसर्ग झालेलं पिल्लू बहुधा पाचव्या ते सातव्या दिवशी लक्षणं दाखवेल, तोवर गॅरंटी कधीच संपलेली असेल. मोजमापाची मुदत घटनेच्या वेगापेक्षा छोटी असेल, तर 'काही आढळलं नाही' याला अर्थ उरत नाही. स्वतःच्या प्रयोगाचा कालावधी ठरवताना हे आठवा.

पट्टा अरुंद कसा करायचा?

मधल्या दिवसांत अडकलेल्या केसमध्ये तुलना लागते, आणि इथे निसर्गाने एक 'कंट्रोल ग्रुप' आयता दिलेला असतो: पिल्लाची भावंडं. वेगवेगळ्या घरी गेलेली भावंडं त्याच दोन-चार दिवसांत आजारी पडली, तर उगम समान जागी असण्याची शक्यता खूप वाढते. सगळी भावंडं ठणठणीत असतील तर पारडं दुसरीकडे झुकतं, पण पूर्ण नाही. कारण प्रत्येक पिल्लाची प्रतिकारशक्ती सारखी नसते. दुसरा प्रश्न घेणाऱ्याला विचारायचा: या घरात आधी पार्व्होने कुत्रं गेलं होतं का? हा विषाणू फरशीच्या फटीत, मातीत महिनोन् महिने टिकतो.

मग येतो नेहमीचा युक्तिवाद, "लस दिली होती, हे बघा कार्ड." लसीचं कार्ड महत्त्वाचं आहे, पण ते संरक्षणाचा पुरावा नाही. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडं लसीलाही निष्प्रभ करतात. ती हळूहळू कमी होताना मध्ये एक काळ असा येतो, की ती लसीला अडवायला पुरतात पण खऱ्या विषाणूला अडवायला पुरत नाहीत. म्हणून तर पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर २ ते ४ आठवड्यांनी डोस देतात. शिवाय जिवंत विषाणूची लस दिल्यावर काही दिवस विष्ठेची चाचणी हलकी पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामुळे चाचणीच्या अहवालाशेजारी लसीची तारीख हवीच.

प्रत्येक आजाराचं घड्याळही वेगळं. डिस्टेंपरची लक्षणं दिसायला कित्येक आठवडे लागू शकतात. गोलकृमींचा संसर्ग पिल्लाला आईच्या पोटातच होऊ शकतो, आणि बाहेरून झाला तरी विष्ठेत अंडी दिसायला साधारण महिना लागतो. म्हणून घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी अंडी सापडली तर संसर्ग आधीचाच. हृदयातली जन्मजात नलिका उघडी राहिली असेल तर तो दोष विक्रीपूर्वीचा, त्यात वादच नाही. पण मोठ्या जातींमधल्या खुब्याच्या सांध्याच्या दोषात आनुवंशिकतेबरोबर आहार, वजन आणि वाढीचा वेगही गुंतलेला असतो. तिथे 'कोणामुळे?' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नसतं.

उगम वेगळा, जबाबदारी वेगळी

संसर्ग विकणाऱ्याकडे झाला हे सिद्ध झालं, तरी त्याने हलगर्जी केली हे सिद्ध होत नाही. पहिला प्रश्न विज्ञानाचा, दुसरा करार आणि कायद्याचा. कायदा कधीकधी पट्ट्यावर सरळ रेघ मारून मोकळा होतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात विक्रीनंतर १४ दिवसांत पशुवैद्याने आजाराचा दाखला दिला, किंवा वर्षाच्या आत जन्मजात-आनुवंशिक दोषाचा दिला, तर ग्राहकाला पैसे परत, बदली पिल्लू किंवा मर्यादित उपचारखर्च मागता येतो. आपल्याकडे अशी दिवसांची रेघ नाही. मात्र २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरला नोंदणी सक्तीची आहे आणि ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण तिथेही शेवटी विचारलं जातं ते हेच: पुरावा काय?

मग करायचं काय?

आधी उपचार. वाद थांबू शकतो, पिल्लू थांबत नाही. त्याच दिवशी विकणाऱ्याला लेखी कळवा. व्हॉट्सअॅपवर कळवलं तरी तारीख राहते. यात तक्रारीपलीकडचा हेतू आहे: भावंडं वेळेत तपासली जातील. पशुवैद्याकडून पहिल्या लक्षणाची तारीख, चाचणीचं नाव आणि निकाल लिहून घ्या. 'पोट बिघडलं' एवढ्या नोंदीवरून पुढे काहीच ठरत नाही. पिल्लू दगावलंच, तर कितीही जड गेलं तरी पुरण्याआधी शवविच्छेदनाचा विचार करा. शव फ्रीजमध्ये थंड ठेवायचं, गोठवायचं नाही, कारण गोठवल्याने पेशींची रचना बिघडते. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करता येईल.

विकणाऱ्यानेही बचावासाठी ओरडण्यापेक्षा नोंदी ठेवाव्यात: लसीची बॅच, जंताच्या औषधाच्या तारखा, आईची तपासणी, कोणतं पिल्लू कुठे गेलं. आणि दोघांनी मिळून एक गोष्ट करावी. विक्रीनंतर दोन-तीन दिवसांत, घेणाऱ्याच्या पसंतीच्या पशुवैद्याकडून वजन, ताप, हृदयाचे ठोके आणि विष्ठेची तपासणी. आपल्या भाषेत सांगायचं तर 'बेसलाइन'. भांडण सुरू झाल्यावर ही नोंद कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही.

तुमच्या विषयात पिल्लं नसतील. माती असेल, पेशी असतील, सर्वेक्षण असेल. सराव म्हणून एवढं करून बघा: आपल्या संशोधन प्रस्तावातला मुख्य परिणाम घ्या, तो दिसायला कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती वेळ लागतो ते लिहा, आणि त्या पट्ट्यात दुसरं कोणतं कारण बसू शकतं याची यादी करा. यादी लांबली तर घाबरू नका, गाइडसमोर बसण्याआधी ती झाली हे बरंच आहे.