इंजिन बदललेली जुनी गाडी का तापते? गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेट्रोल परवडेना म्हणून जुन्या जीपला प्यूजोचं किंवा मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवायचं, 1489 सीसीच्या ॲम्बॅसेडरला इसुझुचं 1817 सीसीचं इंजिन घालायचं, हे आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. 2014 मध्ये ॲम्बॅसेडरचं उत्पादन थांबलं. तेव्हापासून ती गाडी जपणाऱ्यांना मिळेल त्या इंजिनावर भागवावं लागतं. नवं इंजिन बसतं, गिअर जुळतात, गाडी पळते. आणि एप्रिलच्या उन्हात मिरजेहून पंढरपूरच्या रस्त्याला लागलं की तापमानाचा काटा चढू लागतो.

मग सल्ले सुरू होतात आणि त्यांतले निम्मे गाडीचं नुकसान करतात. कारखान्यातून आलेल्या गाडीत रेडिएटर, पंखा, वॉटर पंप आणि गेज एकमेकांच्या मापाचे असतात. इंजिन बदललं की ते माप मोडतं. म्हणून कोणताही भाग बदलण्याआधी मोजमाप हवं.

गैरसमज : काटा लाल रेषेवर गेला, म्हणजे इंजिन तापलंच.
वस्तुस्थिती : इंजिनावरचा सेंडर आणि डॅशबोर्डवरचं गेज ही जोडी असते. इंजिनाबरोबर नवा सेंडर आला आणि गेज जुनंच राहिलं, तर काटा खोटं बोलू शकतो. इंजिन ठीक असताना तो वर जाईल किंवा इंजिन खरोखर तापलेलं असताना निवांत मध्यावर थांबेल. दुसरी शक्यता अधिक धोक्याची. थर्मोस्टॅटच्या घराजवळ इन्फ्रारेड थर्मामीटर धरा, नाहीतर नळीचं मेकॅनिकल गेज लावून खात्री करा. 80 ते 95 अंश सेल्सिअस हे बहुतेक इंजिनांचं नेहमीचं तापमान आहे, तेवढ्याला घाबरायचं कारण नाही.

गैरसमज : थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी गार राहते.
वस्तुस्थिती : अनेक इंजिनांत, विशेषतः डिझेलमध्ये, थर्मोस्टॅट दोन कामं करतो. साधारण 82 अंशांना तो रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढला तर बायपास कायम उघडा राहतो, आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न भेटताच इंजिनात परततं. हिवाळ्यात इंजिन वेळेवर तापत नाही, इंधन जास्त लागतं, झीज वाढते. थर्मोस्टॅटचा संशय असेल तर तो पातेल्यातल्या पाण्यात तापवून कधी उघडतो ते पाहा. बिघडला असेल तर त्याच इंजिनाचा नवा घाला.

गैरसमज : मोठा रेडिएटर घातला की प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती : रेडिएटर अपुरा असू शकतो, हे खरं. जुन्या ॲम्बॅसेडरचं इंजिन 50-55 अश्वशक्तीचं होतं, इसुझुचं 75 च्या आसपास. पूर्ण ताकदीवर इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा पाण्यात उतरते, म्हणजे ताकद वाढली की उष्णताही वाढणार. पण हवा जाळीतून गेलीच नाही, तर रेडिएटर कितीही मोठा असला तरी उपयोग नाही. नव्या इंजिनामुळे पंखा मागे सरकलेला असतो, मूळ काऊल (पंख्याभोवतीचं कडं) त्याला बसत नाही म्हणून काढून ठेवलेलं असतं, आणि पंखा इकडचीच हवा तिकडे घुसळत राहतो. पंख्याची पाती निम्मी काऊलच्या आत हवीत आणि रेडिएटरच्या कडेच्या फटी रबराने बुजवलेल्या हव्यात. इलेक्ट्रिक पंखा असेल तर त्याच्या तारा उलट जोडल्या नाहीत ना, हेही तपासा. गाडीत अजून जुना डायनॅमो असेल तर आयडलवर त्याची वीज फारच कमी पडते, आणि पंख्याची खरी गरज नेमकी तेव्हाच असते.

गैरसमज : पाणी भरलं की झालं.
वस्तुस्थिती : किर्लोस्करवाडीच्या परिसरात सेंट्रिफ्यूगल पंप समजावून सांगायची गरज नाही. गाडीचा वॉटर पंप त्याच जातीचा आहे, आणि हवा शिरली की तोही पाणी ढकलत नाही. बदललेलं इंजिन पुष्कळदा रेडिएटरपेक्षा उंच बसतं. मग हवा रेडिएटरच्या झाकणाशी न येता इंजिनाच्या हेडमध्ये अडकते. गाडीचं तोंड चढावर करून, इंजिन गार असताना सावकाश पाणी भरा आणि एक्स्पान्शन टाकी सगळ्यांत उंच जागी बसवा.

पाणी कोणतं, हाही प्रश्न आहे. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी आपल्याला ठाऊक आहेत. बोअरचं क्षारयुक्त पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या जॅकेटमध्ये थर धरतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घ्या. नुसतं कूलंट ओतू नका, ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं.

गैरसमज : जास्त पौंडाचं झाकण लावा, पाणी उकळणारच नाही.
वस्तुस्थिती : मिरज समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे. इथे उघडं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. सात पौंडाच्या झाकणाखाली हाच बिंदू 110 च्या जवळ जातो. दाब वाढवला की उकळणं लांबतं, उष्णता मात्र तेवढीच राहते. जुन्या पितळी रेडिएटरचे डाग आणि होज त्या वाढीव दाबाने फुटू शकतात.

गैरसमज : गाडी तापली की लगेच झाकण उघडून गार पाणी ओतावं.
वस्तुस्थिती : दाबाखालचं पाणी झाकण उघडताच उसळतं आणि तोंड-हात भाजतात. तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं तर हेडला चीर जाऊ शकते. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बोनेट उघडा आणि वरचा होज हाताला सोसेल इतका गार होईपर्यंत थांबा.

दोष कुठे, हे कसं ओळखायचं?
गाडी कधी तापते, ते टिपून ठेवा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे रांगताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर गार होते, तर दोष हवेच्या बाजूला, म्हणजे पंखा, काऊल किंवा बेल्टमध्ये शोधा. गावात ठीक आणि हमरस्त्यावर वेगात किंवा घाटात तापते, तर पाण्याचा प्रवाह पाहा : चोकअप रेडिएटर, ढिला पंप, वेगात आत चेपला जाणारा खालचा होज. सुरू केल्यावर काही मिनिटांतच पाणी बाहेर फेकते आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबतच नाहीत, तर हेड गॅस्केट उडालेलं असण्याचा संभव मोठा. त्या स्थितीत गाडी पुढे नेऊ नका.

जुन्या गाडीत नवं इंजिन घालणार असाल तर मिस्त्रींशी ठरवतानाच रेडिएटर, काऊल, सेंडर आणि एक्स्पान्शन टाकी या चारही गोष्टी खर्चाच्या अंदाजात लिहून घ्या. त्या मागाहून करू म्हटलं, तर आधी हेडचा खर्च येतो.