जिप्सी घ्यावी की थार? सासूबाईंना विचारा!

२०२४च्या जुलैतली गोष्ट. सासूबाई गोठ्यात पाय घसरून पडल्या. आमचं जुनं घर नि शेत पाटणपासून चौदा किलोमीटरवर, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका वाडीत. अकरा किलोमीटर डांबरी रस्ता आहे. उरलेला तीन किलोमीटरचा चढ म्हणजे तांबडी माती. पावसाळ्यात आमची छोटी गाडी तिथे जात नाही, वडापवालाही "खालीच उतरा" म्हणतो. शेवटी वाडीतल्या चौघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले, डोक्यावर ताडपत्री धरली आणि सासूबाईंना उचलून खाली आणलं. मी मागून बॅटरी धरून चालत होते. त्या एकदाही ओरडल्या नाहीत. डोळे मिटून, खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलंय, हे कराडला एक्स-रे काढल्यावर कळलं.

ऑपरेशन झालं, वॉकर आला. तीन महिने आमच्याकडे पाटणला राहिल्या आणि दिवाळी झाल्याबरोबर म्हणाल्या, "मला वर सोडा. म्हशी काय शेजारणीच्या जीवावर ठेवायच्या?" झालं! त्यांच्यापुढे कुणाचं चालतंय? तेव्हा ठरलं, पुढच्या पावसाआधी चारही चाकांना जोर असलेली गाडी घ्यायची. नवी परवडणार नव्हती. माझे नाचणीच्या पापडांचे नि बचत गटाचे साठवलेले दोन लाख चाळीस हजार, ह्यांचे एक लाख, पुण्याच्या दिरांचे एक लाख. एकूण चार लाख चाळीस हजार. गाडी चालवणार मी, कारण हे सकाळी आठला कराडला नोकरीला जातात.

महिनाभर शोधून दोन गाड्या नजरेत भरल्या. एक २००८ची मारुती जिप्सी, पेट्रोलवर चालणारी, मागणी तीन लाख दहा हजार. दुसरी २०१३ची महिंद्रा थार, डिझेलची, सीआरडीई इंजिनवाली, मागणी चार लाख ऐंशी हजार. घरात लगेच दोन पक्ष पडले. हे आणि पुतण्या थारच्या बाजूने. पुतण्या म्हणाला, "काकू, थार म्हणजे थार! जिप्सी पोलिसांची गाडी वाटते." मी कुठल्याच पक्षात नव्हते. मला इंजिनातलं काही कळत नव्हतं, खरं सांगायचं तर.

म्हणून आधी कळून घेतलं. आमच्या पाटणच्या मिस्त्रींना जाऊन विचारलं की पेट्रोल नि डिझेल यात नेमका फरक काय. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही जातं बघितलंय नि मिक्सर बघितलाय ना? जातं हळू फिरतं, पण जोर केवढा! मिक्सर जोरात फिरवला तरच दळतो." मला हे एकदम पटलं. नंतर आकडे बघितले तर तेच दिसलं. थारच्या त्या इंजिनाची ओढ २४७ न्यूटन-मीटर, तीसुद्धा इंजिन १८००-२००० फेऱ्यांवर असताना, म्हणजे अगदी सावकाश. जिप्सीची ओढ १०३, आणि ती मिळायला इंजिन ४५०० फेऱ्यांपर्यंत किंचाळवावं लागतं. इथपर्यंत ऐकून हे खूश! पण मिस्त्रींनी पुढचंही सांगितलं. जिप्सीचं वजन सारं एक टनाच्या आसपास, थार पावणेदोन टनांच्या घरात. चिखलात हलकी गाडी कमी रुतते आणि रुतली तर चार माणसं ढकलू शकतात. आमच्या वाडीत पावसाळ्यात चार धड माणसं मिळणं हीच मोठी गोष्ट आहे. तरणी पोरं सगळी मुंबई-पुण्याला.

चारही चाकं जोडायचं प्रकरणही समजून घेतलं. या दोन्ही गाड्या एरवी मागच्या दोन चाकांवरच चालतात. चिखल आला की दांडा ओढून पुढची चाकं जोडायची. डांबरावर ती जोडून फिरवायची नाहीत. वळताना पुढच्या नि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापावं लागतं, आणि जोडलेली असली की आतले शाफ्ट पिळवटतात. त्याशिवाय 'लो' नावाचा एक गिअर असतो. त्यात गाडी मुंगीच्या पावलांनी चालते, पण चढते. आम्ही पाहिलेल्या जिप्सीला मालकाने हाताने फिरवायचे हब बसवले होते. म्हणजे चाक जोडायला पावसात उतरायचं आणि दोन्ही पुढच्या चाकांच्या मधला खटका फिरवायचा. थारमध्ये बसल्या जागी काम होतं. हा गुण थारचा, मान्य!

मग आमच्या घरात नेहमी होतो तो हिशेब झाला. वहीत, पेन्सिलीने. माझी फेरी अठ्ठावीस किलोमीटरची, महिन्याला सहाशेच्या आसपास. जिप्सी लिटरला दहा देईल असं धरलं, थार बारा. जिप्सीला साठ लिटर पेट्रोल, १०४च्या भावाने सहा हजार दोनशे चाळीस. थारला पन्नास लिटर डिझेल, ९१च्या भावाने चार हजार पाचशे पन्नास. महिन्याला सतराशे रुपये थारचे वाचतात, वर्षाला वीस हजार. "बघ!" हे म्हणाले. मी म्हटलं, अहो, थांबा की जरा. थर्ड पार्टी विमा इंजिनाच्या आकारावर असतो. जिप्सीचं इंजिन १२९८ सीसीचं, तिला वर्षाला ३४१६ रुपये. थारचं अडीच हजार सीसीच्या जवळचं, तिला ७८९७. वर जीएसटी वेगळा. ते वजा केलं की वाचणार साधारण पंधरा-सोळा हजार. आणि थार महाग किती? एक लाख सत्तर हजारांनी. म्हणजे तेवढे भरून निघायला दहा वर्षांहून जास्त! तुमचं रोजचं जाणं-येणं ऐंशी-शंभर किलोमीटरचं असेल तर हाच हिशेब उलटा पडेल, डिझेलच घ्यावं लागेल. पण माझं तेवढं नव्हतं.

कुणीतरी घाबरवलं होतं की डिझेल गाडी दहा वर्षांनी भंगारात घालावी लागते. तो नियम दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या परिसरासाठीचा. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्याची फी आणि पर्यावरण कर भरावा लागतो. गंमत म्हणजे जिप्सीचं पासिंग एकदा वाढवून झालेलं होतं आणि थारचं पहिलंच चालू होतं, पण संपणार दोघींचंही २०२८ला.

आता गाड्या प्रत्यक्ष पाहणं. मिस्त्रींना पाचशे रुपये एका गाडीचे देऊन बरोबर नेलं. मैत्रिणींनो, हे पैसे वाचवू नका. त्यांनी दोन्ही मालकांना आदल्या रात्रीच निरोप दिला होता, "गाडी सकाळी चालू करू नका, आम्ही येऊन करणार." थारपाशी पोचलो आणि मिस्त्रींनी आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम! मालक म्हणाला, "जरा बाहेर काढली होती." मिस्त्री काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघून हसले. गार इंजिन कसं चालू होतं, पहिला धूर कोणता येतो, त्यातच सगळं कळतं म्हणे. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय, चालवताना काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर रेडिएटरचं पाणी आत जात असण्याची शक्यता. चालू इंजिनाचं ऑईलचं झाकण काढून बघितलं. आतून धुराचे फुत्कार येत होते. "इंजिनाचं काम जवळ आलंय," ते हळूच म्हणाले. गाडीला मोठे टायर होते, खाली चिखलात आपटल्याचे डाग होते. आधीच्या मालकाने तिला हौसेने डोंगरात पिदवलेली. यात गाडीचा काय दोष? पण तिची किंमत आम्हीच मोजणार होतो.

मी विचारलं, काम निघालं तर इथे होईल का? ते म्हणाले, "साधं डिझेल असतं तर मीच उघडलं असतं. हे सीआरडीई, याचे इंजेक्टर कॉम्प्युटर लावून तपासावे लागतात. कराडला न्यावी लागेल. खर्चाचं आत्ता सांगत नाही." आणि जिप्सीचं? "ते इंजिन जुन्या एस्टीमच्या कुळातलं. झोपेत उघडीन."

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकत होती, तीही सांगते. दोन्हीकडे मालक बोलत होते ह्यांच्याशी. प्रश्न मी विचारायचा, उत्तर ह्यांच्याकडे बघून. थारवाला तर म्हणाला, "वहिनींना जड जाईल ही, ड्रायव्हर ठेवा." थारला पॉवर स्टिअरिंग होतं, तिचंच चालवणं हलकं होतं! जिप्सीला ते नव्हतं. उभ्या गाडीचं चाक वळवताना खांदे भरून आले माझे. पण तिथला मालक, निवृत्त माणूस, किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, "ताई, तुम्हीच चालवा, मी बाजूला बसतो."

जिप्सी काही नवरीसारखी नव्हती. मिस्त्री खाली सरपटत गेले आणि स्क्रू ड्रायव्हरने चेसिसला ठिकठिकाणी टोचत राहिले. चेसिस शाबूत निघाली, पण ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून चाळणीसारखा झालेला. पाटे चारही चाकांना, त्यामुळे गाडी बैलगाडीसारखी उडते. पण गार इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं, धूर नाही, झाकणाखाली ऑईल स्वच्छ. मोकळ्या मातीत चाकं जोडून बघितली, पुढची दोन्ही ओढत होती.

तरी माझं मन होईना. कारण गाडी ज्यांच्यासाठी घ्यायची त्यांचं कुणी विचारलंच नव्हतं. पुढच्या रविवारी दोन्ही मालकांच्या हातापाया पडून गाड्या आमच्या दारात आणवल्या आणि सासूबाईंना वाडीवरून वडापने खाली आणलं. दोन्ही गाड्या उंच. ऑपरेशन झालेला पाय उचलायचा कसा? थारजवळ वॉकर टेकवून त्यांनी दोनदा प्रयत्न केला, जमलं नाही. जिप्सीतही नाहीच. तेव्हा आत जाऊन मी देवघरातला पाट आणला आणि जिप्सीच्या दाराशी ठेवला. दाराची दांडी धरून, आधी चांगला पाय, मग दुखरा, असं करत त्या चढल्या. पाट थारपाशीही ठेवला. तिथेही चढल्या, पण मध्ये श्वास घ्यायला थांबाव्या लागल्या. बसल्यावर थारची सीट त्यांना आवडली. जिप्सीची नाही. "हिच्यात हाडं मोजून घ्यावी लागतील," म्हणाल्या. आणि मग मला विचारलं, "रात्री-अपरात्री बंद पडली तर तुला हिचं काय कळेल?" मी म्हटलं, मिस्त्री आपल्या आळीतला आहे. "मग ही घे. मऊ गादी मी घरची आणीन."

दोन लाख पंच्याऐंशीला सौदा झाला. आरसी बुकावर कर्जाचा बोजा नाही हे आधी ऑनलाइन पाहिलं, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घेतल्या, विमा नावावर केला. उरलेल्या पैशांतले पंचेचाळीस हजार लगेच गेले. टायर, पायाखालचा पत्रा, ब्रेक, आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाईप. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या गाड्यांचं रबर त्याने लवकर खराब होतं. बाकीचे एक लाख दहा हजार मी मुदत ठेवीत ठेवलेत, गाडीच्याच नावाने. पुतण्या अजून रुसलेला आहे.

२०२५च्या जूनमधला पहिला मोठा पाऊस. एकटीच होते, मागे पेंडीची दोन पोती. चढाच्या अर्ध्यात इंजिन गपकन बंद पडलं. मिक्सर! जोरात फिरवायचा, हे घाबरून विसरले होते. हात थरथरत होते. ब्रेक धरत, मागे बघत गाडी सावकाश सपाटीपर्यंत खाली आणली, 'लो' टाकला, दुसरा गिअर, आणि पाय दाबून ठेवला. इंजिन एवढं ओरडलं की वरच्या घरांतली माणसं बाहेर आली. सासूबाई वॉकर घेऊन अंगणात उभ्या होत्या. म्हणाल्या, "आवाजावरून वाटलं, विमान आलं."

लिटरला दहा नाही, नऊच देते. महिन्यातून एकदा त्यांना तपासणीला कराडला नेते. गादी आहे, तरी खड्डा आला की माझ्याकडे अशा बघतात जसा काही तो मीच खणलाय. पाट कायमचा गाडीतच असतो. यंदा गौरींना नवा आणावा लागला.