ठासणीचे रिव्हॉल्व्हर आणि संग्राहकाची नजर

रिव्हॉल्व्हर म्हटले की हिंदी चित्रपटातला खलनायक डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु वाचकहो, मी ज्या रिव्हॉल्व्हरविषयी लिहिणार आहे त्यात काडतूसच नसते. ते ठासणीचे असते. एकोणिसाव्या शतकातली ही शस्त्रे जमवण्याचा छंद अमेरिकेत आणि इंग्लंडात चांगलाच रुजलेला आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी. मला त्या शस्त्रांपेक्षाही ती पारखण्याची रीत अधिक मोलाची वाटते, कारण अस्सल दस्तऐवज आणि बनावट दस्तऐवज यांतला फरक ओळखण्याचीच ती विद्या आहे.

दिवाळीत आपण टिकल्या फोडतो. घाव बसताच पेटणारे द्रव्य, हेच या शस्त्रामागचे तत्त्व. ते बंदुकीला लावले फोर्साइथ नावाच्या एका स्कॉटिश पाद्र्याने. १८०७ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. पुढे हे द्रव्य तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरू लागले. आपल्याकडचे जुने लोक तिला 'केप' म्हणत. सॅम्युएल कोल्ट या अमेरिकन माणसाने १८३६ मध्ये फिरत्या सिलिंडरच्या पिस्तुलाचे अमेरिकन पेटंट मिळवले. सिलिंडरच्या प्रत्येक कप्प्यात आधी दारू घालायची, वर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालच्या दांडीने ती दाबून बसवायची आणि मागच्या पोकळ खुंटीवर केप चढवायची. गोळी कप्प्यापेक्षा किंचित मोठी असते, म्हणून दाबताना शिशाची बारीक कडी कापली जाते. इतका खटाटोप केल्यावर पाच-सहा बार लागोपाठ काढता येत. एकबारी पिस्तुलाच्या जमान्यात ही मोठीच गोष्ट होती.

कोल्टचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बुडाला. त्याला तारले मेक्सिकोच्या युद्धाने. कॅप्टन वॉकर याच्या सूचनांनुसार १८४७ मध्ये त्याने सुमारे दोन किलो वजनाचे धूड बनवले. एकूण नग सुमारे अकराशे. वॉकर त्याच वर्षी लढाईत मारला गेला. या जातीचे पेटीसह टिकलेले एक रिव्हॉल्व्हर २०१८ साली अमेरिकेतल्या लिलावात अठरा लाख चाळीस हजार डॉलरना गेले. याउलट १८५१ चे 'नेव्ही' एकट्या हार्टफर्डच्या कारखान्यात दोन लाखांवर झाले, आणि लंडनच्या कारखान्यात आणखी चाळीस हजारांच्या पुढे. तेव्हा केवळ जुने म्हणून मोल नसते.

मग मोल कशाला? एकाच शस्त्राचे सर्व भाग मूळचे असण्याला. कोल्टचे भाग यंत्रावर घडत, तरी कानशीने घासून एकमेकांत बसवावे लागत. पुढच्या प्रक्रियांसाठी ते सुटे केल्यावर गफलत होऊ नये म्हणून नळी, चौकट, सिलिंडर, चापाची कडी या सर्वांवर एकच क्रमांक ठोकत. कामगारांच्या सोयीसाठी केलेली ही खूण आज संग्राहकाचा सर्वात विश्वासू साक्षीदार झाली आहे. क्रमांकावरून घडणीचे वर्षही काढता येते.

दुसरा साक्षीदार म्हणजे झीज. नेव्हीच्या सिलिंडरवर टेक्सासच्या आरमाराची १८४३ मधली लढाई कोरलेली असते. केपातल्या क्षारांमुळे खुंट्यांभोवती गंज धरतो आणि बारीक खळगे पडतात. चित्र झिजलेले पण खुंट्या कोऱ्या करकरीत असतील, तर त्या मागाहून बदललेल्या समजाव्यात. तसे करणे गैर नाही; लपवणे गैर. बनावट मालही पुष्कळ. इटलीत १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून उत्तम प्रतिकृती होऊ लागल्या, त्या उघडपणे प्रतिकृती म्हणूनच. लबाड लोक त्यांवरचे इटालियन चाचणीचे शिक्के घासून काढतात आणि धातूला कृत्रिम गंज आणतात. अशा वेळी बोट फिरवले की घासलेल्या जागी उथळ खोलगट भाग लागतो. डोळा फसतो तिथे बोट सांगते.

सर्वात अधिक नुकसान मात्र लबाडांपेक्षा हौशी माणसे करतात. पॉलिश मारून, घासूनपुसून ती शस्त्र चकचकीत करतात, आणि क्रमांक, कोरीवकाम, मूळचा निळसर रंग, सारेच पुसले जाते. साफसफाई केलेल्या शिलालेखाची गत व्हावी तशीच गत.

हा छंद आपल्याकडे का वाढला नाही? ही रिव्हॉल्व्हरे इथे आली ती मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर. १८५७ च्या उठावाच्या वेळी त्यांच्यात कोल्टइतकेच, किंबहुना अधिकच, रॉबर्ट अॅडम्सच्या इंग्रजी बनावटीला पसंती होती. अधिकारी ती पदरमोड करून घेत. पुढे १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी झाली, गोऱ्यांना मात्र सूट राहिली. आजच्या १९५९ च्या कायद्यात जुनाट शस्त्राला सवलत आहे, पण ते दुरुस्त करूनही चालण्याजोगे नसेल तरच. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची अशी वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही.

म्हणून कुणाच्या वाड्यात, माळ्यावर असे काही सापडलेच तर घासायला घेऊ नये, चाप ओढून पाहू नये. अशी शस्त्रे कित्येकदा भरलेल्याच स्थितीत सापडतात, आणि दीडशे वर्षांची कोरडी दारूही पेट घेऊ शकते. आधी पोलिसांना कळवावे, मग वस्तुसंग्रहालयाच्या जाणत्या माणसाला दाखवावे. तेल, कापड, कानस यांची पाळी त्यानंतर, आणि तीही त्याच्याच सल्ल्याने.