श्लेष्मल प्रतिकारशक्ती आणि केमोकाइन्सची भूमिका

प्रस्तावना :
बहुसंख्य रोगजंतू मानवी शरीरात त्वचेतून नव्हे, तर नाक, घसा, आतडे यांच्या आतील ओलसर अस्तरातून प्रवेश करतात. या श्लेष्मल अस्तराच्या रक्षणासंबंधी मूलभूत प्रश्न असा की, रक्तातून सर्वत्र फिरणाऱ्या लसिकापेशीला नेमके आतड्यातच उतरावयाचे हे कसे कळते?

पत्ता आणि ग्राही :
याचे बरेचसे उत्तर केमोकाइन या लहान प्रथिनांत आहे. ऊतकातील पेशी ती स्रवतात आणि ज्या लसिकापेशीवर जुळणारा ग्राही असेल, तीच तिकडे आकर्षित होते. लहान आतड्याचे अस्तर सीसीएल-२५ स्रवते. त्याचा ग्राही सीसीआर-९ होय. मोठे आतडे, लाळग्रंथी व स्तनग्रंथी येथे सीसीएल-२८ असते. त्याचा ग्राही सीसीआर-१०. अर्थात, केमोकाइन एकटे पुरेसे नाही. आतड्यातील रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटण्यासाठी अल्फा-४ बीटा-७ हे इंटेग्रिनही लागते.

हे ग्राही लसिकापेशीला आतड्यालगतच्या लसिकाग्रंथींत मिळतात. तेथील डेंड्रायटिक पेशी 'अ' जीवनसत्त्वापासून रेटिनोइक आम्ल तयार करतात व त्याच्या प्रभावाने सीसीआर-९ आणि हे इंटेग्रिन प्रकट होते, असे माकोतो इवाता व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. आहारातील एक घटक पेशीचा मार्ग ठरवितो, ही बाब पोषणशास्त्राच्या अध्यापकांनीही लक्षात घेण्याजोगी आहे.

मातेचे दूध :
स्तन्यकाळात स्तनग्रंथीतील सीसीएल-२८ वाढते आणि आयजीए प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशी तेथे येऊन स्थिरावतात. त्यांतील अनेकींचा उगम आतड्याशी निगडित असतो. म्हणून मातेच्या आतड्याने ज्या जंतूंशी सामना केला, त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे अर्भकास दुधातून मिळतात. सीसीआर-१० नसलेल्या उंदरांच्या स्तनग्रंथीत या पेशी पुरेशा जमत नाहीत.

लसीकरणाशी संबंध :
दंडात टोचलेल्या लसीने जागृत झालेल्या पेशींना आतड्याचा पत्ता सहसा मिळत नाही. टोचून दिलेली पोलिओ लस पक्षाघात टाळते, परंतु आतड्यातील विषाणूची वाढ थेंबांइतकी रोखत नाही. १९९५ पासूनची भारतातील पल्स पोलिओ मोहीम थेंबांवर आधारलेली होती, ती केवळ सोयीसाठी नव्हे. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला. मात्र थेंब घेतलेल्या मुलांना नंतर टोचणीची लस दिल्यास आतड्यातील प्रतिकारशक्ती पुन्हा बळावते, असे उत्तर प्रदेशातील मुलांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. आतड्याचा पत्ता आधीच मिळालेल्या स्मृतिपेशी दंडातील टोचणीनेही जागृत होत असाव्यात, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण होय.