एकवीस अंकी संख्येचे गुपित

दोनाची दुप्पट, तिची पुन्हा दुप्पट, असे करीत ६७ वेळा दोन एकमेकांत गुणले आणि शेवटी एक वजा केला, की १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या मिळते. वरवर सामान्य भासणाऱ्या या संख्येने गणितज्ञांना अडीच शतकांहून अधिक काळ झुलवत ठेवले.

फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा पद्धतीने मिळणाऱ्या मूळ संख्यांची यादी दिली. एक व ती संख्या स्वतः यांखेरीज ज्या संख्येला अन्य कशानेही नि:शेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. त्यासाठी दोनाचा घातांक मूळ असावाच लागतो. मात्र तेवढे पुरेसे नसते. घातांक ११ घेतल्यास २०४७ ही संख्या येते आणि ती २३ गुणिले ८९ इतकी असते. मर्सेन यांच्या यादीत ११ नव्हता. ६७ मात्र होता.

फ्रेंच गणितज्ञ ल्यूका यांनी १८७६ मध्ये ही संख्या मूळ नसल्याचे सिद्ध केले. विशेष म्हणजे तिचे अवयव त्यांना सापडलेले नव्हते! अवयव न शोधताही संख्या मूळ आहे की नाही हे ठरवता येते, ते असे.

अवयव मात्र दडूनच राहिले. या संख्येला भागणारी प्रत्येक मूळ संख्या १३४ च्या पटीपेक्षा एकने मोठी असावी लागते, हा नियम ठाऊक होता. तरीही पहिला अवयव १४,४५,५८० व्या पटीपाशी आहे. एकेक पट तपासणे हाताने अशक्यप्रायच.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल यांनी ते उघड केले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. एकही शब्द न उच्चारता त्यांनी फळ्यावर हा गुणाकार करून दाखवला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, असे सांगितले जाते.

शोधायला दीर्घ परिश्रम, पडताळायला काही मिनिटे. हीच विषमता आज व्यवहारात उपयोगी पडते. इंटरनेटवरील माहितीच्या सुरक्षिततेसाठी १९७७ मध्ये शोधलेली 'आरएसए' पद्धत तिच्यावरच उभी आहे. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर केला जातो, अवयव गुप्त राहतात. कोल यांची संख्या आजचा साधा संगणक क्षणार्धात फोडतो. म्हणून आता सहाशेहून अधिक अंकांच्या संख्या वापरतात. त्यांचे अवयव झटपट काढण्याची रीत पुरेशा शक्तिशाली क्वांटम संगणकासाठी पीटर शोर यांनी १९९४ मध्येच मांडली आहे. असा संगणक प्रत्यक्षात आला, तर हे कुलूप निकामी ठरेल. त्यामुळेच अवयवांवर विसंबून नसलेल्या नव्या कुलपांची तयारी जगभर सुरू झाली आहे.