बीडची काठी, भारतीची सावली

वर्गाच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा आठवा. त्याच्या अगदी तळाशी एक पांढरी पट्टी असते, ती अंटार्क्टिका. चौथीच्या वर्गात ती पट्टी दाखवून आपण सांगतो, तिथे बर्फ आहे, पेंग्विन आहेत, आपले शास्त्रज्ञ तिथे जातात. मुले थक्क होतात आणि तास संपतो. पण हे शास्त्रज्ञ तिथे करतात काय, हे मुलांना कळलेले नसते. खरे तर ते मुख्यतः मोजतात. वारा, बर्फ, समुद्राचे पाणी, खडक, अशा सगळ्यांची मापे घेतात. मुलांना त्यांच्याशी जोडायचे असेल तर मुलांनीही काहीतरी मोजले पाहिजे, आणि त्यासाठी बीड जिल्ह्याची जागा फार सोयीची आहे.

पृथ्वीचा गोल घ्या. बीडवर बोट ठेवून सरळ दक्षिणेकडे दोरा ताणा. केरळचा किनारा सोडल्यावर वाटेत एकही मोठा भूभाग लागत नाही. दोरा थेट अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला टेकतो. तिथेच, उघड्या खडकांवर, २०१२ पासून 'भारती' हे आपले संशोधन केंद्र उभे आहे. बीडचे पूर्व रेखांश ७५.८ अंश, भारतीचे ७६.२ अंश. म्हणजे दोन्ही ठिकाणी मध्यान्ह जवळजवळ एकाच वेळी होते. फरक फक्त दीड-पावणेदोन मिनिटांचा. 'मैत्री' हे आपले दुसरे केंद्र बरेच पश्चिमेला आहे. तिथला मध्यान्ह बीडनंतर सव्वाचार तासांनी होतो.

काठी आणि कोनमापक

२२ डिसेंबरच्या सुमारास, ढग नसलेल्या दिवशी, शाळेच्या मैदानात सपाट जागी काठी रोवा. जमिनीवर तिची उंची बरोबर एक मीटर हवी. दोरीला दगड बांधून ओळंबा करा आणि काठी सरळ उभी आहे याची खात्री करून घ्या. १२ वाजून १० मिनिटांपासून १२ वाजून ४० मिनिटांपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. सर्वांत आखूड सावली साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी मिळेल. ती ९१ सेंटिमीटरच्या आसपास भरेल आणि उत्तरेकडे पडलेली असेल.

आता वहीत १० सेंटिमीटरची उभी रेघ आणि तिच्या पायथ्याशी ९.१ सेंटिमीटरची आडवी रेघ काढून त्रिकोण पुरा करा. वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजा. तो सुमारे ४२.४ अंश येतो. सूर्य डोक्यावरून दक्षिणेला तेवढा कललेला आहे, असा त्याचा अर्थ.

त्याच वेळी भारतीवर अशीच काठी रोवली तर? या दिवशी सूर्य २३.४ अंश दक्षिण अक्षांशावर, म्हणजे मकरवृत्तावर, डोक्यावर असतो. भारतीचे अक्षांश ६९.४ अंश दक्षिण. वजाबाकी केली की ४६ अंश उरतात. तिथली सावली सुमारे १०३ सेंटिमीटर भरेल, मात्र पडेल दक्षिणेकडे. बीडहून मकरवृत्तापर्यंत ४२.४ अंश आणि तिथून भारतीपर्यंत ४६ अंश, एकूण ८८.४ अंश. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर धरला तर एका अंशाला १११ किलोमीटर पडतात. ८८.४ ला १११ ने गुणा. भारती बीडपासून सुमारे ९,८०० किलोमीटरवर आहे! सावली मोजताना एका सेंटिमीटरची चूक झाली, तर उत्तर सुमारे ३५ किलोमीटरने चुकेल. हेही मुलांना काढू द्या. आपले माप किती चुकू शकते हे सांगता येणे, हा विज्ञानाचा अर्धा भाग आहे.

ऊन तेवढेच, मग बर्फ का?

वर्गातले एखादे चौकस मूल इथे अडेल. बीडची सावली ९१ आणि अंटार्क्टिकाची १०३ सेंटिमीटर, म्हणजे दुपारचा सूर्य दोन्हीकडे जवळपास सारखाच उंच आहे. शिवाय बीडला त्या दिवशी सुमारे ११ तास ऊन मिळते, तर भारतीवर सूर्य मावळतच नाही. मध्यरात्रीही तो क्षितिजाच्या जेमतेम तीन अंश वर असतो. मग तिथे बर्फ का?

उत्तराचा पहिला भाग अंगणातच सापडतो. काळ्या मातीचा एक वाफा आणि शेजारी चुन्याने पांढरा केलेला दुसरा वाफा दुपारपर्यंत उन्हात ठेवा आणि दोन्हींच्या वर हात ठेवून पाहा. काळी माती ऊन पिते, पांढरा थर ते परत पाठवतो. ताजा, स्वच्छ बर्फ पडलेल्या उन्हापैकी ८० टक्क्यांहून अधिक परावर्तित करतो. दुसरा भाग जूनमध्ये आहे. २१ जूनला बीडची सावली जेमतेम आठ सेंटिमीटर असते, तीही दक्षिणेला. भारतीवर मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजाखालीच राहतो. वर्षभराचा हिशेब केला तर ध्रुवाकडच्या प्रदेशाला उष्णता कमीच मिळते, आणि मिळते त्यातली बरीचशी बर्फ परतवून लावतो.

वर्गात नसलेली मुले

एक अडचण शिक्षकांच्या लक्षात आली असेल. डिसेंबरात बीडमधले कित्येक वर्ग अर्धे रिकामे असतात. दिवाळीच्या आगेमागे गाळप हंगाम सुरू होतो, ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे निघतात. जी मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहत नाहीत, ती आईवडिलांबरोबर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. अंटार्क्टिकाच्या उन्हाळी तुकड्यांचा जाण्यायेण्याचा काळही साधारण हाच. या दोन प्रवासांची बरोबरी करू नये. शास्त्रज्ञ आपल्या इच्छेने, पगारावर जातो. मुलाला कोणी विचारलेले नसते.

पण हजेरीपटावर 'गैरहजर' एवढीच नोंद करून आपणही त्याला वर्गाबाहेर काढतो. त्याऐवजी निघताना त्याच्या हाती एक मीटर लांबीची दोरी द्या, आणि २२ डिसेंबरला दुपारी आईवडिलांच्या मोबाइलवर फोन करून सावली विचारा. कोल्हापूरजवळच्या फडात ती ८४ सेंटिमीटरच्या आसपास येईल, शाळेपेक्षा सात सेंटिमीटर कमी. त्रिकोण काढला की कोन ४०.१ अंश. शाळेच्या कोनाशी फरक २.३ अंश, म्हणजे उत्तर-दक्षिण अंतर सुमारे २५० किलोमीटर. हे अंतर शाळेत बसलेल्या कोणालाही एकट्याने काढता आले नसते. दूर गेलेल्या त्या मुलाच्या मापामुळेच ते निघाले. मोहिमेवर गेलेल्या माणसाचे महत्त्व नेमके हेच असते.

एक पत्र

१९८१ मध्ये डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय तुकडी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत पुणे विद्यापीठाच्या पदवीधर डॉ. अदिती पंत आणि भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. तिथे गेलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. १९८४ मध्ये 'दक्षिण गंगोत्री' केंद्रावर टपाल कार्यालय आले आणि एप्रिल २०२४ मध्ये भारतीवरही टपाल शाखा उघडली. ही कार्यालये टपाल खात्याच्या गोवा विभागात, म्हणजे महाराष्ट्र परिमंडळात येतात. बीडचे टपाल आणि भारतीचे टपाल एकाच परिमंडळातले!

तेव्हा वर्गाने पत्र लिहावे. ते गोव्याहून मोहिमेबरोबर जाते, त्यामुळे उत्तराची घाई करू नये. पत्रात 'तिथे थंडी वाजते का?' हे खुशाल विचारावे. पण त्याआधी आपली मापे लिहावीत. शाळेचे ९१, फडातले ८४. आणि खाली विचारावे : तुमची सावली किती भरली?